पावणेसहा मास्तरांची पाठ

४ जानेवारी

ती. ताईस,

नमस्कार. एरवी साष्टांग लिहितो, पण सध्या वाकता येत नाही, आणि न घातलेला नमस्कार कागदावर लिहिणं म्हणजे खोटी हजेरी लावणं. तेव्हा हा उभ्याउभ्याच घे.

फोन करत नाही म्हणून रागावू नकोस. कापूस पिंजायच्या यंत्रापायी तुझे कान गेले, आणि फोनवर आपण दोघं नुसते ओरडतो. तू, तुला ऐकू येत नाही म्हणून, आणि मी, तू ओरडतेस म्हणून. पत्र बरं. निदान अक्षर तरी दिसतं.

काम असं आहे. पाठ जरा कुरकुरते आहे. दहापैकी चार. विशेष काही नाही. आमच्या पलंगावरची गादी तुझ्याच कारखान्यातली आहे, पण तिला मध्ये खड्डा पडलाय. एक चांगली कडक गादी पाठवून दे.

बाकी ठीक. निवृत्त झाल्यापासून तपासायला काही उरलेलं नाही. परवा हिच्या वाणसामानाच्या यादीवर लाल पेनानं खुणा केल्या, तर हिनं दोन दिवस भाजीत मीठ घातलं नाही. चूक दाखवली की लोकांना राग येतो. मुलं बरी होती.

तुझा,
धाकटा

*

११ जानेवारी

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी कारखान्यातल्या बायकांना मोठ्यानं वाचून दाखवलं. "चार" ऐकून सगळ्या खो खो हसल्या. तुझी कीर्ती इथवर आहे बाबा. उभ्या जन्मात निबंधाला दहापैकी पावणेसहाच्या वर कुणाला मार्क दिले नाहीस, म्हणून पोरांनी तुझं नाव पावणेसहा मास्तर ठेवलं, हे मी प्रत्येक नव्या बाईला पहिल्याच दिवशी सांगते. कामाला शिस्त लागते.

आमची शिलाईवाली म्हणाली, "ताई, पावणेसहा मास्तरांनी चार दिले म्हणजे चांगलंच दुखत असणार." मी तिला गप्प केलं. म्हटलं, माझा भाऊ आहे, मला शिकवू नकोस. लहानपणी पायात काटा रुतला की अख्खी गल्ली गोळा करायचा. त्याला खरंच दुखलं तर आपल्याला पत्राची वाट बघावी लागणार नाही, आवाजच येईल.

गादी ट्रान्सपोर्टनं पाठवली आहे. अस्सल कडक. हिच्यावर झोपलेल्या एका हवालदाराचा पोक गेला. तुझी पाठ तर काय, कोऱ्या वहीसारखी सरळ होईल.

वहिनीला विचारलंय म्हणून सांग. आणि तिच्या याद्यांना हात लावू नकोस, मेल्या, उपाशी मरशील.

ताई

*

२ फेब्रुवारी

ती. ताईस,

गादी मिळाली. साडेचार मार्क. शिवण सरळ आहे, कापूस प्रामाणिक आहे, पण कोपऱ्यांवरचे गोंडे हा निव्वळ दिखाऊपणा. विषयाला सोडून आहे.

पाठ अजून चारच. अधूनमधून सव्वाचार.

एक गंमत सांगतो. नेहमीच्या तपासणीसाठी हॉस्पिटलात गेलो होतो. तिथं एक डॉक्टरीणबाई आहेत, त्यांचं काम फक्त दुखणं कमी करायचं. आम्ही त्यांना वेदनावाल्या बाई म्हणतो. त्यांनी मला समोर बसवलं आणि विचारलं, "मास्तर, दहापैकी किती दुखतं?" ताई, निवृत्तीनंतर पहिल्यांदा कुणी मला मार्क द्यायला बोलावलं. मला गहिवरूनच आलं. दुसऱ्या खेपेला मी कोट घालून आणि लाल पेन घेऊन गेलो.

पण त्यांची परीक्षापद्धत ढिसाळ आहे. मी विचारलं, "दहा म्हणजे नेमकं काय? नमुना उत्तर दाखवा." तर म्हणतात, "तुम्ही कल्पना करू शकाल ते सगळ्यात भयंकर दुखणं म्हणजे दहा." मी सांगितलं, बाई, मी आयुष्यात कल्पनेला मार्क दिले नाहीत, फक्त लिहिलेल्याला दिले. मग त्यांनी सहा चेहऱ्यांचा एक तक्ता दाखवला. पहिला हसरा, शेवटचा रडका. सगळे चेहरे एकाच मुलानं काढलेले दिसतात, आणि त्याला कान काढता येत नाहीत. तसं मी त्यांना सांगितलं.

माझ्या दुखण्याबद्दल माझं मत असं की त्यात सातत्य आहे, पण मांडणी नाही. कधी कमरेत, कधी बरगडीत, मध्येच मांडीत. एका मुद्द्यावर टिकतच नाही. सुधारणेला पुष्कळ वाव आहे.

तुझा,
धाकटा

*

९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास आशीर्वाद.

साडेचार? माझ्या गादीला साडेचार? त्या गोंड्यांसाठी लोक लांबून येतात. जाऊ दे, तुझ्याकडून कौतुकाची अपेक्षा म्हणजे दगडातून दूध काढणं.

गादी कडक झाली असेल. मऊ पाठवते आहे. आणि मऊ खपली नाही तर म्हणून एक मधली पण. तिन्ही आलटून पालटून घाल. माझ्या गादीवर झोपून माझ्याच भावाची पाठ दुखते हे बाहेर कळलं तर माझ्या कारखान्याला कुलूप लागेल. निदान सहा महिने कुणापुढे पाठीवर हात ठेवून उभा राहू नकोस.

नेहमीची तपासणी म्हणजे ती जुन्या ऑपरेशनचीच ना? ठीक आहे ना सगळं? ठीकच असणार. तू कोट घालून मिरवतोस म्हणजे ठीकच आहे.

ताई

*

२६ फेब्रुवारी

ती. वन्संना नमस्कार.

हे पत्र ह्यांना न सांगता लिहिते आहे. हे खाली हवेला बसले आहेत. बसले आहेत म्हणजे तेवढंच करता येतं.

वन्सं, तीन वर्षांपूर्वी ह्यांचं प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं तेव्हा तुम्ही येऊन राहिला होतात. तोच आता पाठीच्या मणक्यात उतरलाय. डिसेंबरात कळलं. तुम्हाला कळवू नको अशी ह्यांनी मला शपथ घातली, आणि वर तुमच्याकडून गाद्या मागवल्या. तुमच्या तिन्ही गाद्या भिंतीला टेकवून उभ्या आहेत. ह्यांना आडवंच होता येत नाही. रात्रंदिवस लाकडी खुर्चीत असतात. शिंक आली की दोन्ही हातांनी टेबल धरतात आणि शिंक गिळतात. कळ आली की टॉवेल तोंडात धरतात. टॉवेल काढला की म्हणतात, "चार."

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की हे मुळातून बरं होणारं नाही. पण दुखणं पुष्कळ कमी करता येईल, हेही तितकंच स्पष्ट सांगितलं. दर गुरुवारी तिथं तीन डॉक्टर एकत्र बसतात, हाडवाले, किरणवाले आणि वेदनावाल्या बाई. त्यांचं म्हणणं, एकट्या गोळ्यांनी भागत नाही आणि एकट्या किरणांनीही नाही. आधी सुई घालून मणक्यातली गाठ आतून उष्णतेनं जाळायची, मग त्याच वाटेनं हाडाचं सिमेंट भरायचं म्हणजे पोकळ झालेला मणका खचत नाही, त्यानंतर किरण द्यायचे, आणि गोळ्या चालूच ठेवायच्या. सगळ्यांनी मिळून लागायचं.

पण तिथं रांग मोठी आहे. ज्यांना सातच्या वर दुखतं त्यांना आधी घेतात. आणि आपले हे दर खेपेला कोट घालून जातात आणि चार देऊन येतात. गोळ्यासुद्धा त्या चारच्या हिशेबानंच मिळतात, आणि त्यातल्याही अर्ध्या घेत नाहीत. म्हणतात, गोळी घेऊन मार्क देणं म्हणजे पुस्तक उघडं ठेवून पेपर लिहिणं.

मी बायको आहे, माझं ऐकत नाहीत. तुम्ही थोरल्या आहात. पण मी कळवलं हे कृपा करून बोलू नका.

तुमची,
भावजय

*

३ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद.

तुझ्या बायकोनं मला काहीही कळवलेलं नाही. हे आधीच स्पष्ट करते.

मी आपलं सहज लिहिते आहे. समजा, हं, नुसतं समजा, एखाद्या माणसाच्या मणक्यात काही झालं. आणि तो माणूस खुर्चीत बसून टॉवेल चावतो. आणि त्याच्या घरी त्याच्या बहिणीच्या हातच्या तीन गाद्या भिंतीला उभ्या आहेत. तर त्या माणसानं डॉक्टरला काय सांगावं? चार?

अरे मेल्या! अरे गाढवा! डिसेंबरपासून? आणि मी इथं गोंड्यांवरून भांडत बसले! माझ्याकडे कडक गादी मागतोस आणि पोटात हे ठेवून बसतोस? मी तुझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी आहे, तुझं नाक मी पुसलंय, आणि मला शिलाईवालीकडून कळावं की तुला चांगलंच दुखत असणार? ती बाई परवापासून माझ्याकडे बघून मान हलवते. मला तिच्यासमोर रडता पण येत नाही.

आता ऐक. येत्या गुरुवारी जा आणि दहा सांग. दहा! आपल्या बापाचं काय जातं? कुणी दहावीचा दाखला मागणार नाहीये. दहा सांग आणि ते सुई, सिमेंट, किरण, काय असेल ते सगळं करून घे.

दहा जड जात असेल तर नऊ सांग. पण चार सांगशील तर मला बहीण म्हणू नकोस.

ताई

(वहिनीनं खरंच काही कळवलेलं नाही.)

*

१२ मार्च

ती. ताईस,

तुझं पत्र मिळालं. हिच्याशी मी बोलत नव्हतो, पण मोजे तीच घालून देते, त्यामुळे फार वेळ जमलं नाही.

तुला कळवायचं नव्हतं. तू येशील, रडशील आणि गाद्या बदलशील, असं वाटलं. ते असो. मुद्द्यावर येतो.

दहा देणार नाही. नऊही नाही. तुम्ही सगळ्याजणी मला वशिल्याचे मार्क द्यायला सांगता आहात. आयुष्यभर एकेका मार्कासाठी लोक माझ्या दारात उभे राहिले, मी दार उघडलं नाही. आता माझ्याच पाठीसाठी उघडू? आणि दुसरी गोष्ट. आज मी आठ देऊन बसलो आणि उद्या हे आणखी वाढलं, तर त्याला काय देऊ? वर जागा ठेवायला नको का? वाढणार तर आहेच, ताई. ते मला कळतं.

तिसरी गोष्ट त्यांच्या त्या योजनेची. सुई, सिमेंट, किरण आणि गोळ्या, चौघांना एकाच बाकावर बसवायचं आणि एकच पेपर लिहायला लावायचा. माझ्या वर्गात ह्याला सामुदायिक कॉपी म्हणत. मी वेदनावाल्या बाईंना म्हटलं, एकेकाला स्वतंत्र बसवा, कुणाला किती येतं ते मला बघू द्या. त्या म्हणाल्या, "मास्तर, चार हमाल मिळून कपाट उचलतात तेव्हा तुम्ही मार्क कुणाला देता?" मी म्हटलं, जो मागून नुसता "हळू, हळू" म्हणतो त्याचे कापतो. त्यावर त्या इतक्या हसल्या की बाहेरची सिस्टर आत डोकावली. मग डोळे पुसून म्हणाल्या, "इथं तसा कुणी नाही. जाळणारी सुई हाड सांधत नाही, सिमेंट गाठ मारत नाही, किरणांना गुण यायला वेळ लागतो, आणि तोवर गोळ्या लागतात. प्रत्येकाला वेगळा प्रश्न आहे."

उत्तर मुद्देसूद होतं. मी त्यांना साडेपाच दिले. पण पाठीला चारच.

धाकटा

*

२० मार्च

ती. वन्संना नमस्कार.

घाईत लिहिते. परवा जिना उतरताना ह्यांचा उजवा पाय एकाएकी कापसासारखा झाला. खालच्या पायरीवर बसले, आणि मला म्हणाले, "काही नाही, पायरीची उंची चुकली आहे." मी रिक्षा करून सरळ हॉस्पिटलात नेलं. लगेच आत घेऊन फोटो काढले. मज्जारज्जू अजून दाबला गेलेला नाही, पण मणका खचायच्या बेतात आहे. खचला तर पाय जातील. मग दुखणं राहील आणि चालणं जाईल.

वेदनावाल्या बाईंनी स्वतः फाइलवर आठ लिहिलं. ह्यांनी त्यांच्यादेखत खिशातून लाल पेन काढलं, आठ खोडला, चार केला, आणि खाली सही करून तारीख घातली. बाई म्हणाल्या, "मास्तर, आकडा गेला खड्ड्यात, तुम्हाला पुढच्या गुरुवारीच घेतो, फक्त संमतीवर सही करा." तर हे म्हणतात, "चारवाल्यानं सातवाल्यांच्या पुढे घुसायचं? बाहेर बाकावर तो बसचालक बसलाय, त्याला नऊ आहे, त्याला आधी घ्या." बाई म्हणाल्या, त्यालाही घेतोय, तुम्ही सही करा. नाही म्हणजे नाही.

वन्सं, माणूस लबाड असता तर मी काहीतरी केलं असतं. ह्या सरळपणाचं काय करू? गुरुवार टळला आहे. पुढचा टळला तर पाय राहतील असं कुणी सांगत नाहीये.

माझं डोकं चालत नाही. तुम्ही काहीतरी लिहा.

तुमची,
भावजय

*

२३ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद.

आज रडणार नाही, ओरडणारही नाही. दोन्ही करून झालंय. आज एक नियमाचा प्रश्न विचारते. उत्तर नियमानंच दे.

तुझा भाचा शाळेच्या शेवटच्या परीक्षेला बसला होता, आठवतं? त्याच्या केंद्राचे गठ्ठे तुझ्याकडे आले. तू गठ्ठा सोडलासुद्धा नाहीस. तसाच परत पाठवलास आणि वर चिठ्ठी लावलीस की माझा सख्खा भाचा ह्या परीक्षेला बसला आहे, सबब मी हे पेपर तपासण्यास अपात्र आहे. मी तुझ्याशी वर्षभर बोलले नाही. पोरगं नापास झालं आणि तू म्हणालास, "ताई, नियम आहे. ज्याचं माणूस परीक्षेला बसलंय त्यानं पेपरला हात लावायचा नाही. जास्त दिले तरी वाईट, आणि लोक काय म्हणतील म्हणून कमी दिले तरी वाईट."

हे तुझे शब्द. मी विसरलेली नाही, कारण तेव्हा तुला लाटणं फेकून मारलं होतं.

मग आता मला सांग. भाचा नात्यातला म्हणून तू अपात्र ठरलास. आणि पाठ? पाठ काय शेजाऱ्याची आहे? ती तुझ्या अंगाला चिकटलेली आहे रे. भाच्यापेक्षा जवळची. तिचा पेपर तपासायला तुला बसवलं कुणी? आणि तू बसलास कसा? इतके दिवस तू बेकायदा परीक्षक आहेस. लोक काय म्हणतील म्हणून तू तिचे मार्क कापतोयस. तुझे सगळे चार रद्द!

ह्या नियमातून पळवाट असेल तर दाखव. नसेल तर पेन खाली ठेव.

ताई

*

२६ मार्च

ती. ताईस,

तुझं पत्र काल सकाळी मिळालं. सहा वेळा वाचलं. पळवाट नाही.

मी हादरलो आहे. इतकी ढळढळीत गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही ह्याची लाज वाटते. आजवरचे सगळे मार्क मी मागे घेतो. वेदनावाल्या बाईंना आजच तसं लेखी दिलं: "सदर पाठ माझ्या निकटच्या संबंधातली असल्यामुळे मी परीक्षक म्हणून राजीनामा देत आहे." त्यांनी तो कागद दोनदा वाचला, हाडवाल्यांना दाखवला, मग किरणवाल्यांना. तिघंही खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. काय बघत होते कोण जाणे.

प्रश्न उरला नव्या परीक्षकाचा. नातेवाईक नको, असा माझा आग्रह. बाईंनी विचारलं, "तुमच्या पत्नी तुमच्या रक्ताच्या नात्यातल्या आहेत का?" मी म्हटलं नाही, स्थळ चांगलं लांबून आलं होतं. तर त्या म्हणाल्या, झालं मग, बाहेरचा परीक्षक. नियमात बसतं. थोडं ओढूनताणून बसतं, पण बसतं.

हिला लाल पेन दिलं आहे. ती म्हणाली, "आधी मला चष्मा लागेल." मी काही बोललो नाही. परीक्षकाशी बोलायचं नसतं.

धाकटा

*

१२ एप्रिल

ती. वन्संना नमस्कार.

झालं एकदाचं. सगळं सांगते.

त्या गुरुवारी मला तिन्ही डॉक्टरांसमोर बसवलं. बाई म्हणाल्या, "बोला, किती?" मला आकडा सुचेना. मी म्हटलं, मला मार्क देता येत नाहीत, मी काय बघते ते सांगते. खुर्ची सांगितली, टॉवेल सांगितला. शिंक सांगितली. चपलेचा पट्टा लावायला मी वाकले की हे दुसरीकडे बघतात, ते सांगितलं. आंघोळीला बसले की नळ मोठा सोडतात आणि आतून आवाज येतो, मला वाटतं मला ऐकू येऊ नये म्हणून नळ असावा. मग मी लाल पेन घेतलं आणि नऊ लिहिले.

हे शेजारी बसले होते. हळूच म्हणाले, "साडेआठ कर. अर्धा शिस्तीसाठी काप." मी म्हटलं, "परीक्षार्थ्यानं बोलू नये." वन्सं, लग्नाला एवढी वर्षं झाली, ह्यांना मी पहिल्यांदा गप्प केलं. ह्यांनी निमूट सही केली.

बसचालकाला सकाळी घेतलं आणि ह्यांना दुपारी. पालथं झोपवून पाठ तेवढी बधिर केली आणि थोडी गुंगी दिली. गुंगीतही ह्यांनी हाडवाल्यांना विचारलं की आता सुई चाललीय का सिमेंट, म्हणजे पाळी बदलल्याचं कळावं. ते सिमेंट टूथपेस्टसारखं असतं म्हणे, आत गेल्यावर थोड्याच वेळात घट्ट होतं. संध्याकाळी बसवलं तेव्हा ह्यांनी सवयीनं टेबल धरायला हात पुढे केला, आणि तिथं टेबल नव्हतं, आणि तरीही हे बसले होते. स्वतःकडेच बघत राहिले.

मग किरण झाले. किरणांनंतर दोन दिवस दुखणं परत उसळलं. बाईंनी आधीच सांगितलं होतं की तसं होतं. गोळ्या वाढवल्या. आता हे गोळ्या वेळेवर घेतात. पोट साफ होत नाही म्हणून कुरकुर करतात, पण त्यावर वेगळं औषध आहे. पाय भक्कम आहे. काल मी तीन लिहिले. रोग आत आहेच, ते मला माहीत आहे.

आडवं व्हायला मात्र घाबरतात. डॉक्टर म्हणतात, व्हा खुशाल. हे खुर्ची सोडत नाहीत. मी आग्रह करत नाही.

तुमची,
भावजय

*

१८ एप्रिल

चि. वहिनीस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि यंत्र बंद करून सगळ्यांना सुट्टी दिली. शिलाईवाली म्हणाली, "ताई, मी सांगितलं होतं." आज तिला बोलू दिलं.

हाडात सिमेंट भरलं हे ऐकून मला आधी जरा वाईटच वाटलं. घरचा कापसाचा धंदा असताना सिमेंट! पण उपयोग झाला ना, मग माझी तक्रार नाही.

नऊ लिहिलेस. मला माझ्या भावाचं कळलं नाही आणि तुला कळलं. मी गाद्या पाठवत बसले. खूप दिवस त्याच्यावर ओरडावंसं वाटलं असेल तुला, तर माझ्यावर ओरडून घे. मी ऐकून घेईन, नाहीतरी नीट ऐकू येत नाही.

मला यायचंय. त्याला विचार, येऊ का. हल्ली न विचारता कुठं जायची भीती वाटते. लोकांच्या घरात काय काय असतं आणि आपण गोंडे लावत असतो.

ताई

*

९ मे

ती. ताईस,

अक्षर वाकडं आलंय, ओळी खाली उतरल्यात. दुसऱ्या कुणाचा कागद असता तर परत केला असता. पण आडवं पडून लिहितोय.

परवा दुपारी ही भाजी आणायला गेली होती. घरात कुणी नाही असं बघून मी तुझी मधली गादी पलंगावर ओढली. ओढता आली, हेच मुळात नवल. मग बसलो. मग कुशीवर टेकलो. मग पाठीवर. वर छत होतं. इतके महिने मी ते पाहिलंच नव्हतं. एका कोपऱ्यात ओल आली आहे. मी वाट बघत राहिलो की आता कळ येईल, आता येईल. थोडी आली. पण ती येऊन गेली, मला उठवलं नाही तिनं. मग मला झोप लागली.

ही परत आली आणि खुर्ची रिकामी बघून आधी किंचाळली. मग आत आली. पिशवी तशीच हातात धरून पलंगाशी उभी राहिली. मी जागा होतो, पण डोळे उघडले नाहीत. तिला जरा बघू दिलं.

बरा झालेलो नाही. ते तुला आणि मला दोघांना माहीत आहे. दुसरा एखादा मणका उद्या डोकं वर काढेल, असं बाईंनी सांगून ठेवलंय. तेव्हा परत चौघं हमाल बोलावू म्हणाल्या. मार्क आता हीच देते. काल दोन दिले. मला जरा जास्तच सढळ हात वाटतो तिचा, पण वर अपील नाही.

एक गोष्ट हिला सांगितली नाही, डॉक्टरांनाही नाही. तुला सांगतो. त्या खुर्चीत होतो ना, ताई, तेव्हा फार दुखत होतं गं. फार म्हणजे फार. ओरडावंसं वाटायचं आणि ओरडायची लाज वाटायची. लहानपणी काटा रुतला की तू यायचीस म्हणून ओरडायचो. आता ओरडून कोण येणार, आणि येऊन काय करणार, असं वाटायचं. म्हणून चार म्हणायचो. नेमकं किती होतं ते विचारू नकोस, मला सांगता येणार नाही.

येऊ का म्हणून काय विचारतेस? ये. गाडी कुठली ते कळव.

तुझा,
धाकटा